यादगिरीसाठी थांबलेलं मशीन

शारजाच्या विमानतळावर मुंबईच्या रांगेत शुभ्राच्या पुढे दोघं मराठीत बोलत होते. वयस्क माणसाचा पासपोर्ट गळ्यात कंपनीचं ओळखपत्र लटकवलेल्या तरुणाच्या हातात होता.

"मुरलीकाका, या देशात युनियन चालत नाही, माहीत होतं ना?"

"युनियन कसली, अंकुरसाहेब? आमच्या लाइनवरचा यादगिरी भट्टीपाशी कोसळला, गेला. कळलं तसा हात आपसूक मशीन बंद करायच्या बटणावर गेला. आमच्या सोलापूरच्या गिरणीत कामगार गेला की घटकाभर साचे, सगळे माग बंद ठेवायचे."

"ही गिरणी नाही, टाइल्सची फॅक्टरी आहे! तुमच्यामागे अख्खी लाइन थांबली. मॅनेजर म्हणाला, स्ट्राइक. व्हिसा रद्द, खलास."

"मी कुणाला सांगितलं नव्हतं हो. बंगाली, पठाण, सगळे आपणहून उभे राहिले."

"म्हणून तर कंपनीवाले घाबरले. काका, मी अजूनही मॅनेजरला फोन लावतो. मशीन बिघडलं होतं, एवढंच म्हणा. व्हिसा वाचेल."

रांग पुढे सरकली. शुभ्राला ट्रॉली ढकलायचं सुचलं नाही.

"बोला ना काका. एकच वाक्य आहे."

"बिघडलं म्हटलं, तर यादगिरीसाठी कुणीच थांबलं नव्हतं असं होईल, साहेब. द्या तो पासपोर्ट."