परतलेल्यांचा फंड

सेहेचाळीसचा उन्हाळा. गोंदियाच्या स्टेशनावर तिसऱ्या वर्गाची खिडकी उघडत नव्हती. रांगेत माझ्यापुढे जवळच्या गोरेगावचा शिपाई फंड सांभाळणारे हवालदार, छातीवर पहिल्या लढाईचे बिल्ले. त्यांना गाठून एक बाई बोलत होती.

“हवालदारजी, फंडातून बियाण्यापुरतं धान द्या. पेरायले मूठभर नाही घरात.”

“शामकला, फंड परतलेल्या शिपायांचा हाय. तुहा नवरा बर्म्यातून परतला का?”

“परतला असता तं म्या तुमच्यापुढं हात पसरला असता का?”

“नियम हाय, बाई.”

“माहा सासरा परतला होता ना लढाईतून? मरेपर्यंत दर सुगीले फंडाच्या ढोलीत धान टाकत होता. कुठं गेलं ते?”

“साहेब येत, तवा कमान लागे, हार लागत, बँड लागे. फुकट होते का? अन् यंदा उरलंसुरलं धान इकून संगमरवरी दगड आणला. तुह्या नवऱ्याचं नाव कोरलं त्याच्यावर!”

“म्हणजे दगडापुरता तो तुमचा, अन् धानापुरता नाही?”

“मानाची गोष्ट हाय, काऊन तोंड वाजवून राहिली? सोमवारी साहेब पडदा सरकवाले येऊन राहिले. धुतलेलं लुगडं नेसून समोर बसजो.”

“येतो ना,” ती म्हणाली. “छिन्नी घेऊन येतो.”

“छिन्नी कायले?”

“परतला नाही तो. तुमच्या फंडातून त्याचं नाव काढून नेतो.”

“पागल झाली का? अवं, फंडात आता तो दगडच तं उरला हाय!”