कात्रीताईंनी वाचवलेलं छत

सन्माननीय अध्यक्षमहाराज, व्यासपीठावरचे मान्यवर, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या सर्वांच्या ताई, त्यांचे यजमान, समोर बसलेले अभियंते, ठेकेदार, आणि शेवटच्या रांगेत मघापासून खुसुखुसु हसणाऱ्या आमच्या शाळेच्या शिक्षिका, सर्वांना नमस्कार. मी या शाळेची मुख्याध्यापिका. एकदा बोलायला उभी राहिले की लवकर बसत नाही, अशी माझी ख्याती आहे. आज प्रयत्न करते.

ताईंचं काम काय? इमारत उभी राहण्याआधी तिचा खर्च तपासायचा, तशाच दुसऱ्या इमारतींच्या खर्चाशी ताडून पाहायचा आणि जास्तीचं काढून टाकायचं. ठेकेदार मंडळी त्यांना पाठीमागे 'कात्रीताई' म्हणतात. माना खाली घालू नका, त्यांना माहीत आहे!

आमची शाळा कमी ऐकू येणाऱ्या मुलांची. जुन्या इमारतीत प्रत्येक आवाज घुमायचा. कानातलं यंत्र बाईंचा आवाज मोठा करतं, तसा बाकाचा आणि पंख्याचाही करतं. मुलं वैतागून यंत्रं काढून खिशात टाकायची आणि शाळा सुटेपर्यंत नुसती माझ्या तोंडाकडे बघत बसायची. मला रडू यायचं हो. म्हणून नव्या इमारतीत आम्ही आवाज शोषून घेणारं छत मागितलं. ते महाग. इतर शाळांच्या मानाने आमचा खर्च वर गेला, आणि समितीने ठरवलं, छत साधं करा. समितीचे अध्यक्ष कोण होते? अध्यक्षसाहेब, रागावू नका, पण आपणच होतात! त्यात फाइल गेली कात्रीताईंकडे. मी म्हटलं, आता आपलं काही खरं नाही.

पण ताईंची एक खोड आहे. ज्या इमारतीशी तुलना करायची, तिथे स्वतः जाऊन बसल्याशिवाय तिचा आकडा त्या धरत नाहीत. या वेळी त्यांनी समितीलाच नेऊन बसवलं. यादीतली सगळ्यात स्वस्त शाळा, तिचं सभागृह, आणि तेही शाळा भरलेली असताना! कोपऱ्यात खुर्ची सरकली की बैठक थांबायची. साहेब कानाला हात लावून दर वाक्याला, "काय? काय म्हणालात?" शेवटी भडकले, "इथे बैठक ठेवायची अक्कल कोणाची?"

"माझी," ताई म्हणाल्या. "साहेब, तुमचे कान ठणठणीत आहेत, तरी तुम्ही एवढ्यात वैतागलात. त्या मुलांना तर सगळं शिक्षण असंच घ्यायचंय. ही शाळा स्वस्त आहे, पण त्यांच्या कामाची नाही. हिच्याकडे बोट दाखवून छत कापायचं असेल, तर माझी सही मिळणार नाही."

"मग पैसे कुठून आणायचे?" साहेबांना हे दोनदा विचारावं लागलं, कारण पहिल्यांदा कोणाला ऐकूच गेलं नाही. ताईंनी नकाशा पुढे केला आणि प्रवेशद्वाराच्या पोर्चवर बोट ठेवलं. ते मोठे मोठे खांब, साहेबांचा लाडका पोर्च! साहेबांनी खिशातलं पेन काढून ताईंपुढे धरलं. मग म्हणाले, "कापा."

मोठं मन लागतं त्याला, साहेब. आज आपल्याला गाडीतून उतरून भर उन्हात चालत यावं लागलं, त्याबद्दल मी दिलगीर आहे. पण फारशी नाही.

ताई, आता तुमची कात्री घरच्या किराण्यावर चालणार. यजमानांना माझी मनापासून सहानुभूती.

शेवटच्या रांगेत आमच्या विज्ञानाच्या बाई आहेत. याच शाळेत शिकल्या, दोन्ही कानांत यंत्र. जुन्या इमारतीत त्यांना कायम पहिल्या बाकावर, माझ्या नाकासमोर बसावं लागायचं. आज या नव्या छताखाली गप्पा मारायला मुद्दाम मागे बसल्यात. ताई, तुम्ही वाचवलंत ते हे.

सर्वांचे आभार मानते. बोलण्याच्या भरात कोणाला लागलं असेल, तर आपली माणसं म्हणून सांभाळून घ्या. आणि आता हा माइक मी बंद करते.

विज्ञानाच्या बाई, मागे ऐकू येतंय का?

काय? "येतंय, आता आवरा"?

ऐकलंत ना ताई? आवरते.