दिवेलागणीचं बटण

न्हाई न्हाई, तिकडं कावून शिरता मिस्त्री, तिकडं मपलं हातरून हाय — लाईटी वर छताला अन् तुमी खाली म्हाताऱ्याच्या गोधडीत काय हुडकता? ढेकणं घावतील, पायजे तर घेऊन जावा चौसाळ्याला, बायकोला सांगा धुळाजी आबानं भेट दिली. हसा की जरा. आल्यापून तोंड आखडून बसलाय, जशी काय म्या तुमची म्हैस सोडली. वर बगा, वर. त्या गोल चकत्या — दोन हितं अन् एक तिकडं शेगडीवर — काल सांजंपून पेटंनात. ब्याटरी बगितली? चांगली हाय. फ्यूज? त्यो बी चांगला. मंग लाईटीच उडाल्या आसतील, दुसरं काय — काढून ब्याटरीला लावून बगा एकांदी. पेटली? अन् ती दुसरी? ती बी पेटली. आता काय म्हणावं. गाडीच रुसली म्हणायची.

गाडी तशी शाळंची हाय, ती पिवळी पट्टी अजून दिसती बगा बाहीरून. लेकरं वाहून वाहून म्हातारी झाली, भंगारात गेलती, अभिमन्यूनं आणली — अभिमन्यू म्हंजी मपला पोरगा, त्यानंच तुमाला फोन केलता. बाकडी काढली, पलंग ठोकले, शेगडीला ओटा केला, खिडक्यांला जाळी मारली, समदं सोताच्या हातानं. दिवाळी झाली का आमी समदे जातो ऊस तोडायला, त्यो अन् सुरेखा, त्याची बायकू, फडात, अन् म्या लेकरं राखायला. दरसाल पाचटाची कोपी, खोपटंच म्हणा, करून ऱ्हायाचं. पर मागल्या साली फडावर सुरेखाचं — ते ऱ्हाऊ द्या. पोटात होतं अन् गेलं. पाऊस लागलता, कोपीत खालून पानी, रातभर ती भिजत बसली. तव्हापून त्यानं मनात घेतलं का बायकूला आता पाचटाखाली निजवायचं न्हाई. म्हणून ही गाडी. गावातली मानसं बगायला येत्यात, चाकावरचा बंगला म्हणत्यात, म्या त्यांला च्या पाजतो अन् म्हणतो, पायातानं काढून या बरं का, वर संडास बी हाय — मंग ती टपावर चढून हुडकत्यात. लई मजा येती.

मस्करी मपल्या हाडातच हाय. तुमी चौसाळ्याचे, तुमाला ठाव नसंल, हितं इचारा कुणाला बी. सारजाबाईच्या खुराड्यात म्या बदकाचं अंडं ठिवलतं, तर तिनं गावभर दाखवलं का मपल्या कोंबडीनं केवढं अंडं दिलं. सुंदररावाच्या लगनात नवरदेवाच्या घोड्याला — तुमी ती काळी वायर कावून धरली हातात? सोडा ती. तिच्यात काय न्हाई. ती नुसती हाय आपली. टेस्टर लावता? लावा. वर करंट येतोय ना? मंग झालं की. करंट येतोय अन् तरी पेटत न्हाई — आर्थिंग गेली म्हणता. आर्थिंग. बरं. वरून खाली यायला त्याला वाट न्हाई, आसं ना? अन् ती वाट ह्या काळ्या वायरीची, अन् ती काळी वायर चालली मपल्या पलंगाखाली.

…टेप म्या मारला. सांगतो, ओढू नका. टेप मारायचा लई झकास, न्हाई का, गुळगुळीत. काय म्हणता, आतली तार तारंला भिडलीच न्हाई? वरचं पलास्टिक सोलायचं ऱ्हायलं. म्या पलास्टिकाला पलास्टिक बांधलं म्हणा की. हे शिकायला कुठं शाळंत गेलतो म्या — शाळंच्या गाडीत बसलोय ते बी आता. हसा. न्हाई? बरं.

तर वायर तोडून मधी काय होतं म्हणता. होतं. काल दुपारी काडून टाकलं, हिरीत टाकलं. टेबललॅम्पच्या वायरीत आसतं ना बारकं बटण, अंगठ्यानं सरकवायचं — ते. गोधडीखाली. म्या हितं पडून ऱ्हायाचो, चादर तोंडावर, अंगठा बटणावर. आता तुमच्यापून काय लपवायचं, वायर तर तुमच्या हातात हाय.

सुरेखा दिवेलागणीला हात जोडती. तुमच्यात बी बाया जोडत आसतील — बत्ती लावली का पैलं त्या उजेडाला हात. गाडीत पैल्यांदा लाईट लावायची तव्हा तिनं नारळ फोडला, तोंड धुऊन आली, डोईवर पदर घेतला, बटण दाबलं, लाईट लागली, तिनं हात जोडले — अन् म्या इझवली. लेकरं हसली. तिनं बटण खालीवर केलं, म्या लावली. चादरीत मपलं पोट दुखायला लागलं हसून हसून. दुसऱ्या सांजंला परत. हात जोडले का अंधार, हात सोडले का उजेड. अभिमन्यूनं दाबलं तर म्या गप — त्यो लई हुशार हाय, पलंगाखाली वाकून बगितलं आसतं त्यानं. लेकरांनी दाबलं तर बी गप. नुसती तिलाच. मला वाटलं चिडंल, गाडीला चार शिव्या देईल, मंग म्या चादर काडून बटण दावीन, समदे हसू. त्येच तर मजंचं आसतं, शेवटचं.

ती चिडलीच न्हाई, मिस्त्री.

एक सांज आली अन् ती नातीला म्हणली, तूच दाब गं. म्हणलं आसंल कामात. मंग घरात देवापुढला दिवा बी नातीच्या हातानं लावाय लागली. म्या इचारलं न्हाई. इचारायचं तरी कसं — ती मपल्यापुढं खाटंवर बसत न्हाई, मामा म्हणून पायाकडं बगून बोलती. मंग परवा शेजारी बारसं झालं. बाया पाळण्याला एकेक झोका देत होत्या, गात होत्या, म्या ओट्यावर पान खात बसलतो. सुरेखाची पाळी आली तर ती मागं सरली. कुणी तरी वढली तिला, तर दोन्ही हात पदरात गुंडाळले घट्ट — आसे, काखंत — अन् म्हणली, मपला हात नको, मपल्या हाताचं टिकत न्हाई. पान थुकायचं म्या इसरलो. कोपीतलं लेकरू अन् ही लाईट — तिनं एकाला एक जोडलं. तिनं कशापायी, म्याच जोडलं, चादरीत पडून.

म्हणून काल काडून हिरीत टाकलं. तर झालं काय, सकाळी ती गाडी झाडून गेलती. अन् सांजंला लाईट कुणाच्याच हातानं लागंना — ह्या मपल्या टेपानं. तर रातच्याला अभिमन्यूला म्हणती, म्या झाडू फिरवला म्हणून समदीच गेली बगा. तुमी लेकरं घेऊन गाडीत ऱ्हावा, म्या फडावर कोपी करून ऱ्हाते. त्यो डोस्कं धरून बसला. जिच्यासाटी गाडी केली तीच पाचटाखाली जायची म्हणती. अन् म्या त्याचा बाप, हितं पडून ऐकतोय.

सांगायचं होतं, व्हय. सांगायचंच होतं. गावात कुणाची बी मस्करी करावी, सासऱ्यानं सुनंची करायची नसती. दीर करतो, नणंद करती. सासरा तोंडावर चादर घिऊन सुनंकडं चोरून बगतोय, ती देवाला हात जोडती अन् ह्यो हसतोय — हे कुण्या तोंडानं सांगावं? अभिमन्यू काय म्हणंल? शरम वाटती हो. साठीच्या वर इतकी सालं उलटली, कदी वाटली नव्हती, म्हणून आता एकदम समदी वाटायली.

म्हणून मपलं एवडं करा. भिडवली ना तार? बगा, कशा लख्ख पेटल्या तिन्ही. आता बाहीर जाऊन जरा मोठ्यानं म्हणा, आर्थिंग ढिली होती, पैल्यापून ढिली, म्हणून कदी लागायची कदी जायाची. मिस्त्रीचं कुणी बी ऐकतं. काय? मंग तिच्याच हातानं कावून जायाची, आसं ती इचारंल म्हणता. …व्हय. ढिली वायर काय हात बगून थोडीच इझती. अभिमन्यूच्या हातानं कदीच गेली न्हाई. ती म्हणंल, मिस्त्रीनं बी मपली समजूत काडली. अजूनच पक्कं व्हईल तिचं. तुमी तर मपली वाटच बंद केली की, मिस्त्री. दुसरं काय तरी सांगा. मला कदी सुचायचं ऱ्हायलं नव्हतं, पर आज न्हाई.

च्या आला. बगा, सुरेखा खालीच हुबी हाय, पायरीवर पाय बी ठिवना. घ्या कप तिच्या हातातून, पोळंल तिला. …काय म्हणती? काय म्हणली ती तुमाला? कमी ऐकू येतं मला — न्हाई, येतं. आलं ऐकू. 'भाऊ, आता दिवेलागण व्हईल, पैलं बटण तुमीच दाबून जावा, म्या कप उंबऱ्यावर ठिवते, हातात देत न्हाई.'

तुमी काय बोलू नका. आर्थिंग-बिर्थिंग काय नको. कप उचला अन् तिकडं हिरीच्या काठाला जाऊन बसा. टेस्टर ऱ्हाऊ द्या हितं, वायर दावायची हाय तिला.

सुरेखा, थांब. जाऊ नको, पोरी. हितं वर ये जरा, गाडीत, मला तुला एक — मिस्त्री, जावा म्हणलं न्हवं.