आईचा वाफा

(नॉर्वेच्या किनाऱ्यापुढचं एक छोटं बेट. घरामागच्या बटाट्याच्या वाफ्यात म्हातारा आरेंट पहार मारतो आहे. शेजारी त्याची मुलगी हाल्डिस.)

हाल्डिस : पुरे, बाबा. पुन्हा खडकच लागला.

आरेंट : त्या कोपऱ्यात बघतो.

हाल्डिस : सकाळी तिथूनच तर सुरुवात केलीत! गुडघाभरही माती नाही. आईची शवपेटी झाकणार कशी?

आरेंट : वरून दगड रचू.

हाल्डिस : आणि तिकडे चर्चच्या बेटावर पाद्रीबाबा खड्डा खणून थांबलेत, त्यांचं काय? आज वारा पडलाय तर होडी निघेल. उद्याचं कोणी सांगावं?

आरेंट : तिला होडीत घालायचं नाही. शब्द दिलाय मी.

हाल्डिस : ठाऊक आहे मला.

आरेंट : ट्रिग्वे बुडाला तेव्हापासून धक्क्यावर पाऊल टाकलं नाही तिने. म्हणाली, ज्या पाण्याने माझा पोरगा नेला, त्याच्यावरून मला मेल्यावरही नेऊ नका.

हाल्डिस : माझाही भाऊ होता तो. पण करणार काय? सगळं बेट म्हणजे एक कातळ. तो खडक तपासायला आलेला हातोडीवाला साहेब म्हणालाच होता ना, फार पूर्वी बर्फ सरकला आणि इथली माती खरवडून घेऊन गेला.

आरेंट : डेन्मार्कला! तिकडे आपल्या मातीत डुकरं लोळतात, आणि इथे एका बाईपुरती उरली नाही.

हाल्डिस : हा वाफा तरी इथला कुठे? चर्चहून येताना आईने एकेक पोतं माती आणून केलेला. तुम्ही हसायचात तिला.

आरेंट : हसायचो. म्हणायचो, लोक तिथे पापं टाकून येतात, तू बाई ओझं घेऊन येतेस.

हाल्डिस : ट्रिग्वे गेला, तिने होडीत बसणं सोडलं. मग माती कुठून येणार?

आरेंट : मी आणायला हवी होती गं. मी तर जात होतो ना दर रविवारी! रिकाम्या हातांनी यायचो. कधी सुचलंच नाही.

हाल्डिस : बाबा, ती पहार द्या इकडे. हात सोललेत तुमचे.

आरेंट : एवढंसं मागितलं तिने. तेही जमेना मला.

(हाल्डिस त्याच्या हातातून पहार काढून घेते.)

आरेंट : काढ होडी. आणि पोती आण आधी.

हाल्डिस : पोती कशाला?

आरेंट : ही माती भरून नेऊ. तिकडे तिच्यावर हीच घालू.

हाल्डिस : सगळी? मग बटाटे कुठे लावाल?

आरेंट : मला एकट्याला कितीसे लागतात.