काचेवरची हळद

सोजरबाई : हळद लागलेली नवरी वेशीबाहेर पडत न्हाय, उत्कर्षा. तुझी आत्या मांडवात बसून आरडतीय, आन् तू हितं पाषाणला, लॅबच्या अंधारात.

उत्कर्षा : आई, दार लाव. उजेड चालत नाही. एवढं बघते आणि धायरीला येते.

सोजरबाई : लग्न झाल्यावर बघ की.

उत्कर्षा : स्लाइडवरचा रंग तोवर विझतो गं. सगळं काम वाया. त्यात पहिली स्लाइड मीच घालवली. सगळीकडे हिरवंगार दिसलं, नाचायचीच बाकी होते. मग कळलं, ही हळद चमकतेय.

सोजरबाई : हातमोजं घालायचं.

उत्कर्षा : घातले ना. पिवळ्या बोटांनी.

सोजरबाई : शिकल्याली पोर माझी.

उत्कर्षा : आता एकच उरलीय. मायक्रोस्कोपखाली लावायला लॅबमधल्या ऋचाला बोलवावं, तर तीही माझ्याच हळदीत माखलेली.

सोजरबाई : मग मी लावती.

उत्कर्षा : तू?

सोजरबाई : हात बघ, कोरडं हायेत. तुझी आत्या विधवेला हळदीच्या वाटीला हात लावू देतीय व्हय? पोटची पोर असली तरी.

उत्कर्षा : आई...

सोजरबाई : डोळं पूस, काचंवर पडंल. कुठं ठिवू सांग.

उत्कर्षा : ग्लोव्हज घाल. कडेनं धर. हां, तिथं. आता डोळा लाव.

सोजरबाई : काळंच हाय. थांब... मधी एक ठिपका. आन् भवतीनं... अगं, किती पेटल्यात.

उत्कर्षा : मधल्या पेशीत विषाणू शिरलाय. तिच्यातलं एक एन्झाइम जागं झालं. त्यानं पुढच्याला उठवलं, त्यानं त्याच्या पुढच्याला. मग पेशीनं बाहेर निरोप सोडला. शेजारणी तो ऐकून आपापली दारं लावून घेतायत. जागं झालेलं एन्झाइम हिरवं दिसतं.

सोजरबाई : आन् मधली?

उत्कर्षा : ती बहुतेक वेळा जाते.

सोजरबाई : पर सांगून जाती.

उत्कर्षा : हो.

सोजरबाई : कुणी शिकिवलं गं तिला?

उत्कर्षा : कुणीच नाही. प्रत्येकाच्या अंगात असतंच हे.

सोजरबाई : आत्याच्याबी?

उत्कर्षा : आत्याच्याही.

सोजरबाई : तुझा बाप कोरोनात पडला, तवाबी त्याच्या आत ह्ये चाललं व्हतं?

उत्कर्षा : शेवटपर्यंत, आई.

सोजरबाई : मला वाटलं, गडी नुसता पडून हाय.

उत्कर्षा : फोन वाजतोय. आत्याचा.

सोजरबाई : वाजू दे. मला अजून बघायचंय.