बसलेली स्त्री, तिसरं वर्ष

काका — म्हणजे पहिल्या वर्षाला मी फक्त तीन आठवडे.

बाई — तीन आठवडे. डोकं आणि मान.

काका — आजवर चार महिने मॉडेल म्हणून बसत होतो.

बाई — हो, काका. पण आता वर्षाचा हिशेब राहिला नाही, सहा-सहा महिन्यांची सत्रं झालीत. पदवी चारच वर्षांची, सत्रं आठ. एकेका सत्रात पाच-सहा विषय कोंबायचे म्हटल्यावर प्रत्येकाच्या वाट्याला थोडं थोडंच येणार.

काका — बरं, दुसऱ्या वर्षाचं सांगा.

बाई — दुसऱ्या वर्षी मुलं वाटली जातात. चित्रकला, शिल्प, छापचित्रण. ते पूर्वीसारखंच. फक्त आता चित्रकलेच्या मुलांना एक सत्र शिल्पाच्या कार्यशाळेत काढावं लागेल.

काका — ते छान केलंत. चित्रकलेवाल्यांना मातीत हात घालायचा म्हणजे जिवावर यायचं. आणि कंबरेपर्यंतचा अभ्यास?

बाई — सहा आठवडे.

काका — आणि तिसऱ्या वर्षाची पूर्णाकृती?

बाई — ती ऐच्छिक झाली. ज्याला हवी त्याने घ्यायची. नको असेल त्याला व्हिडिओ आहे, भित्तिचित्र आहे.

काका — किती जणांनी घेतली?

बाई — छत्तीस जणांत चौघांनी.

काका — मग चौघांसाठी माणूस कशाला बसवायचा. एकमेकांना बसवतील. चौथ्या वर्षाला तर माझं काम कधीच नव्हतं. तेव्हा पोरं आपल्या मनातलं काढतात, प्रबंध लिहितात, आणि शेवटी बाहेरचे परीक्षक येऊन भिंतीसमोर हात मागे बांधून उभे राहतात.

बाई — तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे सगळं.

काका — तीस वर्षं त्याच्या मधोमध बसलोय ना. शिकवणारे बदलले, स्टूल बदललं, मी तोच. पहिल्या वर्षी पोरं माझं नाक काढतात आणि बटाटा निघतो. दुसऱ्या वर्षी बरगड्या मोजत बसतात. तिसऱ्या वर्षी कुठे त्यांच्या डोक्यात शिरतं की पाय जमिनीला टेकलेत म्हणजे त्यांच्यावर एका माणसाचं वजन आहे. तेवढ्यासाठी तीन वर्षं लागतात. आता ते सहा आठवड्यांत कळणार असेल तर आनंदच आहे.

बाई — मी समितीत भांडले, काका. खोटं नाही सांगत.

काका — अहो, मी तक्रार घेऊन आलोच नाही. गुडघे तसेही कुरकुर करतात. माझं काम वेगळं आहे. वरची भांडाराची खोली रिकामी करताय म्हणे?

बाई — हो. तिथे संगणक बसवायचेत. नव्या पद्धतीत परीक्षेचे कागद ठेवायचेच नाहीत, फोटो काढून साठवायचे. जुने कागद ज्याचे त्याला परत देतोय. जे कुणी न्यायला येणार नाही ते लगद्याला जातील.

काका — आणि पहिल्या नंबराचे? नमुना म्हणून ठेवलेले?

बाई — तेही.

काका — मग त्यातला एक मला द्या. तेवढ्यासाठीच आलोय.

बाई — तुमचा? एक कशाला, दहा घ्या. तुमचे तर ढिगाने असतील.

काका — माझा काय करू? आरशात रोज बघतो. मला आमच्या हिचा हवाय. ती इथे अकरा वर्षं बसली, आणि घरात तिचा फोटो एक. बसच्या पासावरचा. त्यातही शिक्का बरोब्बर हनुवटीवर आलाय. नात विचारते, आजी कशी होती. मी सांगतो, उंच होती, कपाळ मोठं होतं. पुढे काय सांगणार? माणूस असा सांगून दिसतो का?

बाई — शोधायला सांगते मी. काकूंचे दुसऱ्या वर्षाचे काही कागद असतील.

काका — शोधायला नको. मला ठाऊक आहे कुठला ते. तुम्ही इथे शिकत होतात त्या वर्गाचा, तिसऱ्या वर्षाचा. ती स्टुलावर बसलीय, उजवा हात मांडीवर, मान खिडकीकडे. त्यात तुमचा पहिला नंबर आला होता. ती घरी येऊन म्हणाली होती, ती किडकिडीत मुलगी आहे ना, तिने मला अगदी मीच काढलंय.

बाई — असं म्हणाल्या?

काका — दोन दिवस तेच चाललं होतं.

बाई — काका, तो नका नेऊ. दुसरा कुठलाही न्या.

काका — का? लगद्याला गेला?

बाई — नाही. माझ्याच कपाटात आहे. या मागच्या.

काका — मग? तुम्हाला हवा असेल तर तसं सांगा. तुमचंच काम आहे, मी कोण मागणारा.

बाई — मला नकोय तो. पण तो खरा नाही. त्या तशा नव्हत्या तेव्हा.

काका — म्हणजे कशा?

बाई — बसा ना जरा.

काका — बसायचं सांगू नका मला. बोला.

बाई — ती एकच बैठक आठ आठवडे चालली होती. काकूंच्या पायांभोवती खडूने खुणा केलेल्या, रोज त्याच खुणांवर पाय. मी खिडकीच्या बाजूला होते, डावीकडे. पेन्सिल धरून मापं घ्यायचे, कोळशाने काढायचे. तिसऱ्या आठवड्यात डावा खांदा खाली आला. थोडासा. मी तो खाली काढला. चौथ्या आठवड्यात आणखी खाली. सर म्हणाले, मॉडेल थकली की खांदा पाडते, तू पहिल्या दिवसाचा काढ. मी पुसून वर घेतला.

काका — बरोबर आहे. आम्ही थकतोच.

बाई — पाचव्या आठवड्यात गळपट्टीच्या हाडावर उंचवटा दिसला. चण्याएवढा. सकाळचा उजेड तिरका यायचा ना, त्यात त्याची बारीक सावली पडायची. मी ती सावली काढली. सर आले, सगळ्यांसमोर विचारलं, ही गाठ कुठून आणलीस? शरीररचनेच्या पुस्तकात दाखव मला. वर्ग हसला. मी रबर घेतलं आणि पुसून टाकली.

काका — कुठल्या बाजूला?

बाई — डाव्या.

काका — डाव्याच.

बाई — हो.

काका — नंतर?

बाई — नंतर काही नाही. खांदा सरळ, हाड स्वच्छ. पहिला नंबर.

काका — आम्ही डॉक्टरकडे गेलो ते त्यानंतर सात महिन्यांनी. डॉक्टर भला माणूस होता. मी खोदून खोदून विचारलं म्हणून बोलला. म्हणाला, सहा महिने आधी आला असतात तर आपल्याला करण्यासारखं काही तरी होतं. ते वाक्य मी बावीस वर्षं सांभाळलंय. आणि ही बावीस वर्षं तुम्ही मला रोज या जिन्यावर भेटताय. कसे आहात काका, गुडघे कसे आहेत काका.

बाई — हो.

काका — एक शब्द, पोरी. काकू, इथे काय झालंय, एवढाच. किती वेळ लागतो त्याला?

बाई — काहीच नाही लागत.

काका — मग विचारलं का नाहीस?

बाई — नियम होता, मॉडेलशी अंगाबद्दल बोलायचं नाही. पण नियमामागे नाही लपत मी. तेव्हा मला ती गाठ वाटलीच नव्हती. चूक वाटली. माझी, चित्रातली. सर म्हणतात तर मलाच नीट दिसत नसेल. पण सहाव्या आठवड्यात मधल्या सुट्टीत काकू पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्यांना वाटलं वर्गात कुणी नाही. त्यांनी दोन बोटांनी नेमकी तीच जागा दाबली. तेव्हा मला कळलं की मला बरोबर दिसलं होतं.

काका — आणि तरी गप्प बसलीस.

बाई — कागद जवळजवळ पूर्ण झाला होता. बोलले असते तर बैठक थांबली असती, परीक्षा पुढे गेली असती. असा काही हिशेब मी मांडला नव्हता तेव्हा. पण मनात कुठे तरी तो असणार. नाही तर मी बोलले असते.

(काका खिडकीपाशी जातात.)

काका — तिला संध्याकाळी खांदा आखडल्यासारखा वाटायचा. म्हणायची, बसून बसून लाकूड झालंय. मी चेपून द्यायचो. रोज. तेल लावून, मानेपासून खाली. माझा अंगठा त्याच हाडावरून जायचा.

बाई — काका.

काका — लागायचं काही तरी अंगठ्याला. मी म्हटलं, नस चढली असेल. त्यावर जरा जास्तच जोर द्यायचो, उतरावी म्हणून. तू तर लांबून पाहिलंस. मी हात लावून होतो. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. मुलीलाही नाही.

बाई — तुम्हाला कुठून कळणार होतं?

काका — तुला कुठून कळणार होतं असं मी म्हणालो का? मग तूही म्हणू नकोस. आणि माझं मी सांगितलं म्हणजे तुझं फिटलं, असंही समजू नकोस. दोन्ही आपापल्या जागी राहतील.

बाई — समजत नाही तसं.

काका — काढ तो कागद.

बाई — खरंच बघायचाय?

काका — किल्ली कुठे आहे? इतका आवाज करतंय कुलूप, तेल तरी घालायचं.

बाई — उघडतच नाही मी हे कपाट फारसं. हा धरा, या कोपऱ्याला. मोठा आहे.

काका — हं.

बाई — इकडे उजेडाला या.

काका — कान असेच होते. पातळ. थंडीत लाल व्हायचे. आणि हा अंगठा, बोटांच्या आत घेतलेला. ही सवय तिची. मी विसरून गेलो होतो बघ. साफ विसरून गेलो होतो.

बाई — इथे, हाडाजवळ, कागद थोडा खरवडलाय. रबर जोरात चाललं होतं.

काका — दिसतंय. आणि हा खांदा वर घेतलेला.

बाई — हो. काका, याआधीचाही एक कागद आहे. पाचव्या आठवड्यात मी घरी जाऊन आठवणीने पुन्हा काढला होता, जसं दिसलं तसं. खांदा पडलेला, गाठ, डोळ्यांखाली काळं. कुणाला दाखवला नाही. तो खरा आहे. हवा तर तोही तुमचाच.

काका — तो कुठे असतो?

बाई — इथेच, याच्याखाली.

काका — राहू दे. आज नको.

बाई — बरं.

काका — कशाला ठेवलास तो इतकी वर्षं?

बाई — माहीत नाही. या नव्या आराखड्यात पहिल्या सत्रात मी एक विषय घातलाय, समितीशी भांडून. त्यात चित्र सुंदर आलं का, याला गुण नाहीत. डोळ्यांना काय दिसलं ते मांडायचं, आणि पुस्तकात नसलेलं काही दिसलं तर समोर बसलेल्या माणसाला विचारायचं. मॉडेलशी अंगाबद्दल बोलायचं नाही हा नियम काढून टाकलाय. तुमचे ते तीन आठवडे आहेत ना, ते याच विषयाचे आहेत.

काका — म्हणजे पोरं मला प्रश्न विचारणार?

बाई — विचारतील. काही वेडेवाकडेही विचारतील.

काका — आणि मी उत्तर द्यायचं? तीस वर्षं तोंड मिटून बसायचं काम केलंय मी.

बाई — नको असेल तर दुसऱ्या कुणाला बघते. तुमच्यावर जबरदस्ती नाही.

काका — पहिल्या दिवशी त्यांना तो दुसरा कागद दाखवणार?

बाई — तुमच्याशिवाय नाही दाखवणार.

काका — मी असेन तेव्हा दाखवा. आणि तो कुणी काढला, या कागदावरची गाठ का पुसली, हे तुम्ही तुमच्या तोंडाने सांगायचं. ते मी नाही सांगणार.

बाई — सांगेन.

काका — सगळं. सुट्टीतलंसुद्धा.

बाई — तेही सांगेन.

काका — मग येतो मी. तीन आठवडे म्हणालात ना? कधीपासून?

बाई — पुढच्या सोमवारपासून. साडेनऊला.

काका — आज घरी हा नेतो.

बाई — हा? पण यात मी सगळं—

काका — ठाऊक आहे काय केलंत ते. पण यात ती बरी आहे. नातीला आधी बरी असलेली आजी दाखवतो. पुढचं ती मोठी झाली की बघू.

बाई — थांबा, नळीत गुंडाळून देते.

काका — गुंडाळू नका. कोळसा जुना आहे, झडेल. सपाटच नेतो, दोन पुठ्ठ्यांमध्ये धरून.

बाई — बसमध्ये गर्दी असेल हो या वेळेला. एवढा मोठा पुठ्ठा घेऊन बसायला जागा मिळणार नाही.

काका — उभा राहीन. न हलता.