मुका झालेला लॅपटॉप

डेन्मार्कमधल्या ऑर्हुस स्टेशनच्या प्रतीक्षालयात एका बाकावर पांढरी काठी टेकवून एक बाई लॅपटॉपची बटणं दाबत होती. शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते.

"अहो, जरा तुमचे डोळे द्याल का?"

"म्हणजे?"

"हा लॅपटॉप मला पडद्यावरचं वाचून दाखवतो. सकाळी अपडेट झाला नि मुकाच झाला. आवाज दुरुस्त करायला मला याचाच आवाज लागतो!"

"मी जन्मभर बस चालवली हो. यातलं ओ की ठो कळत नाही."

"बटणं मी दाबते. तुम्ही नुसतं वाचा."

"आवाज कुठे पाठवू, असं विचारतोय. खाली दोन नावं आहेत. स्पीकर आणि डिजिटल आउटपुट. खूण दुसऱ्यापुढे आहे."

"तरीच! तिथे मी काही जोडलेलंच नाही. आता बघा."

"खूण वर गेली... अरे बापरे, बोलला! कुठली भाषा ही?"

"आपलीच, डॅनिश. मी भरभर ऐकते. वाचवलंत मला. तासाभरात रानर्स गावी जाऊन याच्यावर शिकवायचंय."

"कोणाला?"

"नजर गेलेल्यांना."

"...माझ्या बायकोची, इंगरची नजर चाललीय. कॉम्प्युटरला हात लावत नाही. म्हणते, एकाहत्तराव्या वर्षी आता काय शिकायचं?"

"माझा एक विद्यार्थी चौऱ्याऐंशीचा आहे. रोज भांडतो माझ्याशी. लावा तिला फोन."

"आत्ता?"

"गाडीला सहा मिनिटं आहेत."

"हॅलो, इंगर? अगं, इथे एका बाईंचा लॅपटॉप मी दुरुस्त केला. हसू नकोस, खरंच मी केला! घे, त्यांनाच विचार."